घडीचे बळ आणि आघाताची कसोटी

पातळ सपाट पत्रा दोन विटांवर आडवा ठेवला, तर तो स्वतःच्याच भाराने मध्ये खचतो. त्याच पत्र्यास पन्हळी पाडल्या की तो माणसाचा भार पेलतो. पत्र्यात नवे द्रव्य आलेले नसते. असलेलेच द्रव्य मध्यप्रतलापासून वर-खाली दूर गेलेले असते आणि तेवढ्यानेच त्याची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती कित्येक पटींनी वाढते. भारतातील असंख्य छपरे ह्या एकाच तत्त्वावर उभी आहेत. कागदाच्या पन्हळींचा इतिहास तर मनोरंजकच आहे. इंग्लंडमध्ये १८५६ साली पन्हळी कागदाचे पहिले पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. बाटल्या व दिव्यांच्या काचा बांधण्याकडे त्याचा उपयोग अमेरिकेत १८७१ पासून होऊ लागला. पॅरिस येथील युनेस्कोच्या मुख्यालयातील सभागृह १९५८ साली पुरे झाले. त्याच्या काँक्रीटच्या भिंती व छप्पर यांना अशाच मोठमोठ्या घड्या घातलेल्या आहेत.

परंतु ही सर्व स्थिर भाराची उदाहरणे झाली. छपरावरील बर्फ किंवा टोपीखालचे डोके घाईने हालत नाही. गेल्या काही दशकांत जपानी घडीकलेवरून, म्हणजे ओरिगामीवरून, सुचलेल्या रचनांचा जो मोठा बोलबाला झाला आहे, तो मात्र मुख्यतः हालणाऱ्या वस्तूंच्या क्षेत्रात. उपग्रहांचे पंख, मोटारींचे आघातशोषक, यंत्रांखालचे कंपनरोधक, विमानाच्या भिंतीतील गाभे, या सर्वांसाठी घड्यांच्या रचना सुचविल्या जात आहेत. त्यांची आकृती पाहणाऱ्यास भुरळ घालते आणि तिच्यामागील भूमिती खरोखरीच सुंदर आहे. तथापि, भूमितीच्या सौंदर्यावरून रचनेची योग्यता ठरविण्याची जी सवय शास्त्रीय लेखनात शिरली आहे, ती घातक होय. घडीची परीक्षा ती उलगडते कशी यावर संपत नाही. ती थरथरते कशी आणि ठोका खाते कशी, हे पाहिल्यावाचून तिच्याविषयी निर्णय देता येत नाही.

या विषयात प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ओरिगामी या एकाच नावाखाली परस्परविरोधी अशी दोन उद्दिष्टे वावरतात आणि त्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. पातळ पत्रा वाकविणे स्वस्त असते, ताणणे महाग असते. कागद बोटांनी सहज दुमडतो, पण दोन्ही हातांनी ओढून लांब करू गेल्यास तो फाटतो, लांबत नाही. कोर्यो मिउरा यांनी १९७० च्या सुमारास जी घडी पुढे मांडली, तिचा सारा चमत्कार या भेदात आहे. समांतरभुज चौकोनांच्या त्या जाळीत प्रत्येक संधीवर चार घड्या मिळतात. तीन एका दिशेने, चौथी उलट दिशेने. त्यामुळे एकाही फळीस न ताणता, न वाकविता, केवळ घड्यांच्या बिजागऱ्यांवर सबंध पान एका हालचालीत उघडते व मिटते. जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानावर अशा घडीचा पट १८ मार्च १९९५ रोजी अवकाशात गेला, आणि अमेरिकन अवकाशफेरीने जानेवारी १९९६ मध्ये ते यान परत आणले. उपग्रहाच्या पंखास हेच हवे असते: उघडताना ताण नको, विरोध नको, ऊर्जा खर्ची पडावयास नको.

आघात शोषणाऱ्या वस्तूस नेमके याच्या उलट हवे असते. मोटार आदळली की तिची गतिज ऊर्जा कोठेतरी नाहीशी व्हावी लागते. धातू जेव्हा पुन्हा सरळ न होण्याइतका वाकतो आणि ताणला जातो, तेव्हाच ती खर्ची पडते. जी घडी बोटाच्या स्पर्शाने मिटते, ती अवकाशात उत्तम, पण भिंतीवर आदळणाऱ्या वाहनाच्या पुढच्या टोकास ती निरुपयोगी. एका रचनेच्या गुणावरून दुसरीची शिफारस करणे म्हणजे दाराची बिजागरी चांगली फिरते म्हणून ती ब्रेकच्या जागी बसविण्यासारखे आहे.

नळीवर उभा दाब आला असता ती कशी चुरडते, याचा अभ्यास जुना आहे. योशिमुरा यांनी १९५१ मध्ये दाखविले की पातळ नळीच्या भिंतीवर हिरकण्यांसारख्या घड्यांचा जो नमुना उमटतो, तो नळीचा पृष्ठभाग जवळजवळ न ताणता तयार होणारा आकार आहे. रिकाम्या डब्यावर पाय दिला असता हाच नमुना पुष्कळदा दिसतो. पुढे १९६० साली इंग्लंडात पग्स्ले व मॅकॉली यांनी आणि अलेक्झांडर यांनी चुरडणाऱ्या नळीचे गणित मांडले. अलेक्झांडर यांच्या साध्या प्रतिरूपात गोल नळी एकावर एक वळ्या पाडीत खाली बसते आणि तिचा सरासरी विरोध पत्र्याच्या जाडीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होते, पण विरोध सुमारे पावणेतीन पट. चौकोनी नळीसाठी असेच गणित विएर्झबिकी व अब्रामोविच यांनी १९८३ मध्ये दिले. त्यात कोपऱ्यांतून सरकत जाणाऱ्या घड्यांना फार महत्त्व आहे. घडीची रेषा जागच्या जागी दुमडली तर ऊर्जा एकदाच खर्ची पडते. तीच रेषा पत्र्यावरून सरकत गेली तर वाटेतला प्रत्येक पट्टा आधी वाकतो व मग पुन्हा सरळ होतो, आणि दोन्ही वेळा ऊर्जा खातो.

साध्या नळीत एक मोठा दोष असतो. पहिली वळी पडण्यापूर्वी ती ताठ उभी राहते आणि तिचा विरोध क्षणभर फार वर चढतो. मग ती खचते व विरोध एकदम खाली येतो. आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हे पहिले शिखरच वाईट, कारण तो धक्का नळीमागच्या चासीपर्यंत पोचतो. जियायाओ मा आणि झाँग यू यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली कल्पना येथे खरोखर उपयोगी ठरते. त्यांनी चौकोनी नळीच्या कोपऱ्यांवर आधीच घड्यांचा नमुना पाडून ठेवला. त्यामुळे पहिले शिखर खाली आले, आणि नळी ज्या रीतीने चुरडू लागली तीत सरकत्या घड्यांची संख्या वाढल्यामुळे सरासरी विरोध मात्र वर गेला. एरवी शिखर कमी करण्यासाठी नळीस भोके किंवा खाचा पाडतात, पण त्याने तिचे अंग दुबळेच होते. येथे दुबळेपणा आणि बळ एकाच घडीतून मिळते. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हा नमुना मिउराच्या अर्थाने मिटणारा नाही. फळ्या कठीण मानल्या तर ही नळी मिटूच शकत नाही. मिटण्यासाठी तिच्या फळ्यांना वाकावे लागते. तिची किंमत तेथेच आहे.

असे असूनही या नळीविषयी जी घाईची विधाने ऐकू येतात, ती मान्य करता येत नाहीत. बंपर व चासी यांच्यामध्ये बसविलेल्या आघातपेटीचे मुख्य काम लहान अपघातात मागचा महागडा भाग वाचविणे हे होय. विमा संस्थांच्या कसोटीत मोटार ताशी १५ किलोमीटरने आदळवितात. एक हजार किलोग्रॅम वजनाच्या मोटारीची त्या वेगातील ऊर्जा सुमारे ८.७ किलोजूल भरते. ऑक्टोबर २०२३ पासून भारतात लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ कसोटीत समोरचा आघात ताशी ६४ किलोमीटरने दिला जातो. त्याच मोटारीची ऊर्जा तेव्हा सुमारे १५८ किलोजूल, म्हणजे अठरा पट होते. मोटार सोळा मीटर उंचीवरून सोडावी तितकी. ही ऊर्जा एकट्या घडीच्या पेटीने शोषावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तेव्हा ‘घडीच्या नळीने प्रवासी वाचतात’ हे विधान करणाऱ्यास, कोणत्या वेगाला आणि किती ऊर्जेपैकी किती, असे विचारलेच पाहिजे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दाबयंत्रात सावकाश चुरडलेली नळी आणि हातोडा पडून चुरडलेली नळी एकच उत्तर देत नाहीत. मऊ पोलाद वेगाने ताणले असता अधिक कणखर होते. काउपर व सायमंड्स यांच्या १९५७ मधील सूत्राप्रमाणे सेकंदाला ४० इतक्या विकृतिवेगाला त्याचे प्रतिबल जवळजवळ दुप्पट होते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हा परिणाम पुष्कळ कमी असतो. म्हणजे पोलादी नळीवरील निष्कर्ष ॲल्युमिनियमच्या नळीस जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. शिवाय जडत्वाचा प्रश्न वेगळाच. कॅलडाइन व इंग्लिश यांनी १९८४ मध्ये किंचित वाकविलेल्या उभ्या पट्ट्यांवर प्रयोग करून दाखविले की, अशी पट्टी आघाताच्या वेगाबाबत विशेष संवेदनशील असते. तिला दुमडण्यासाठी प्रथम बाजूस सरकावे लागते, आणि अल्प काळात बाजूस सरकण्यास तिचे वस्तुमानच विरोध करते. आधीच घडी पाडलेली प्रत्येक फळी थोड्याफार प्रमाणात अशीच पट्टी आहे. सावकाश दाबाच्या आलेखात खाली आलेले शिखर आघातात पुन्हा वर चढते की काय, हे केवळ प्रयोगानेच ठरेल. गणकयंत्रावरील प्रतिरूपावर विसंबणाऱ्याने निदान हे तरी कबूल करावे.

कंपनाकडे वळले म्हणजे घडीची दुसरी बाजू दिसते. मिटण्याउघडण्याची जी सोय, तीच रचनेला लवचिक ठेवते आणि लवचिक वस्तूची स्वाभाविक कंप्रता कमी असते. हबल दुर्बिणीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९० साली अवकाशात गेलेल्या त्या दुर्बिणीचे सौर पंख गुंडाळी करून नेलेले होते. ते घडीचे नव्हेत, पण त्याच कुळातले. सुमारे ९५ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत दुर्बीण अंधारातून उन्हात आणि उन्हातून अंधारात जाताना पंखांचे दांडे तापत व निवत, आणि त्या धक्क्याने पंख थरथरून दुर्बिणीचा रोखच हालवीत. डिसेंबर १९९३ मध्ये ते पंख बदलावे लागले, आणि २००२ मध्ये त्यांच्या जागी लहान, ताठ फळ्यांचे पंख बसविण्यात आले.

गॅलिलिओ यानाची कथा याहून बोधप्रद आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात निघालेल्या या यानावर छत्रीसारखी मिटणारी, अठरा काड्यांची, ४.८ मीटर व्यासाची आकाशिका होती. ११ एप्रिल १९९१ रोजी ती उघडण्याची आज्ञा देण्यात आली, आणि काही काड्या अडकल्यामुळे ती अर्धवटच उघडली. चौकशीअंती जे कारण सर्वांत संभाव्य ठरले ते अवकाशातले नव्हते. यान कॅलिफोर्निया ते फ्लॉरिडा असे मालमोटारीतून ने-आण करताना रस्त्याच्या कंपनांनी खुंट्यांवरील कोरडे वंगण घासून गेले होते. सेकंदाला १,३४,००० अंकचिन्हे पाठविण्याच्या योजनेऐवजी लहान आकाशिकेवरून फार तर १६० चिन्हांवर भागवावे लागले. माहिती आटोपशीर करून पाठविण्याच्या नव्या युक्त्यांनी शास्त्रज्ञांनी १९९५ पासून गुरूजवळ मोठे काम करून दाखविले, हे त्यांचे कौतुक. पण घडीच्या रचनेचे भवितव्य ती मिटलेली असतानाच ठरते, मालमोटारीच्या फळीवर, ही गोष्ट रचनाकारांनी कोरून ठेवण्यासारखी आहे. मिटलेल्या अवस्थेतील कंपने उघडलेल्या अवस्थेइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची असतात.

लवचिकपणाचा दोष गुणात बदलण्याचे प्रयत्नही झाले आहेत, आणि त्यांपैकी एक फार उद्बोधक आहे. यंत्राखाली स्प्रिंग बसवून जमिनीची कंपने अडवायची असतील, तर बाहेरील कंपनांची कंप्रता रचनेच्या स्वाभाविक कंप्रतेच्या १.४१ पटीहून अधिक असावी लागते. त्याखाली स्प्रिंग कंपन कमी न करता उलट वाढविते. म्हणून स्वाभाविक कंप्रता जितकी कमी तितके चांगले. परंतु साध्या स्प्रिंगेत पाच हर्ट्झ साधण्यासाठी यंत्राच्या भाराने एक सेंटिमीटर खाली बसावे लागते आणि एक हर्ट्झ साधण्यासाठी पंचवीस सेंटिमीटर! एवढी खचणारी बैठक कोणास परवडणार? जपानच्या मेइजी विद्यापीठातील इशिदा व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये पिळून मिटणारी घडीची नळी येथे योजली. ही नळी दोन अवस्थांत स्थिर राहते व मधल्या पल्ल्यात खट्कन एकीतून दुसरीत जाते. त्या पल्ल्यात तिची दृढता ऋण असते, म्हणजे ती दाबास विरोध करण्याऐवजी दाबासरशी पुढे धावते. तिच्या जोडीला साधी स्प्रिंग दिली की दोहोंची बेरीज जवळजवळ शून्य होते: भार पेलला जातो, पण त्या स्थितीभोवतालच्या लहान हालचालींना विरोध उरत नाही. युक्ती चतुर आहे यात शंका नाही. तथापि, हा शून्याचा पल्ला अरुंद असतो. यंत्रावर थोडे अधिक वजन ठेवले, की बैठक त्या पल्ल्याबाहेर सरकते व सारा लाभ नष्ट होतो. प्रयोगशाळेतील ठरीव वजनाच्या उपकरणास हे चालेल. ज्यात कधी एक रुग्ण तर कधी दोन माणसे असतात, त्या रुग्णवाहिकेच्या खाटेस चालणार नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठात यासुदा, यांग व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशाच वीस नळ्यांची माळ करून तिच्या एका टोकास ठोका दिला. दाबाचा ठोका पुढे जाता जाता क्षीण झाला आणि त्यास मागे टाकून ताणाची एक लाट पुढे गेली. दूरच्या टोकास ढकलण्याऐवजी ओढ जाणवली. आघाताचे हे रूपांतर भौतिकीच्या दृष्टीने अपूर्व आहे. फणिश्री प्रतापा, फणीश सूर्यनारायण व ग्लाउसिओ पाउलिनो यांनी २०१८ मध्ये घडीच्या रचनांतून जाणाऱ्या लाटांचे गणित मांडले. प्रतापा पुढे मद्रासच्या आय.आय.टी.त अध्यापन करू लागले. त्यांच्या कामावरून घडीचा कोन बदलून कोणत्या कंप्रता अडवायच्या हे ठरविण्याची आशा निर्माण होते. मात्र वीस नळ्यांची ती माळ कागदाची होती. कागदात संदमन पुष्कळ असते, त्याची घडी दर दुमडीगणिक मऊ पडते आणि दमट हवेत तो निराळाच पदार्थ बनतो. धातूची घडी उलट वागते: तिच्यात संदमन थोडे, आणि शिणवट्याने तडा जाण्याचे भय मोठे. कागदाच्या माळेवरून थेट अवकाशयानाच्या पायांची किंवा शिरस्त्राणाची गोष्ट करणारे लेख वाचताना, मधले अंतर किती आहे हे वाचकांनी स्वतःच मोजावे.

कागद स्वतःच जेथे रचनेचे द्रव्य असतो, तेथील प्रश्न मात्र कमी प्रतिष्ठेचा म्हणून दुर्लक्षित राहिला आहे. कोकणातील हापूस आंबा आता लाकडी पेट्यांप्रमाणेच पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनही दूरच्या बाजारात जातो. खोक्यावर खोके रचले की तो स्प्रिंगा व वजने यांचा मनोराच होतो. खोक्यांची संख्या दुप्पट केली, तर मनोऱ्याची सर्वांत कमी कंप्रता सुमारे निम्म्यावर येते आणि मालमोटारीच्या स्वतःच्या हिसक्यांच्या कंप्रतेजवळ सरकते. मग अनुस्पंदन होऊन वरचे खोके गुरुत्वाकर्षणाहून अधिक त्वरणाने उडते व आपटते. शिवाय हंगामाच्या अखेरीस हवा दमट होते आणि पुठ्ठ्याचे बळ ऐन वेळी खाली येते. फळ एक मीटर उंचीवरून पडून दोन सेंटिमीटरांत थांबले, तर त्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या एक्कावन्न पट बल येते. दोन मिलिमीटरांत थांबले तर पाचशे एक पट. फळाभोवतीची घडी किती पल्ल्यात व किती समान विरोधाने बसते, यावर बागायतदाराची वर्षाची मिळकत अवलंबून असते. वर वर्णिलेले नळीचे गणित येथे फार तर थोड्या फेरफाराने लागू करता येईल, आणि त्याचा लाभ उपग्रहाच्या पंखाहून कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

घडीच्या रचनांवरील संशोधनास द्रव्य पुरविणाऱ्या संस्थांनी आकृत्यांपेक्षा आकड्यांची मागणी करावी. सावकाश दाबात आणि आघातात, दोन्ही वेळा, पहिले शिखर किती व सरासरी विरोध किती. मिटलेल्या, अर्धवट उघडलेल्या आणि पूर्ण उघडलेल्या अवस्थेत कंप्रता व संदमन किती. किती वेळा दुमडल्यावर घडी मऊ पडली वा तडकली, आणि त्या वेळी हवेत आर्द्रता किती होती. फसलेले नमुनेही प्रसिद्ध व्हावेत, कारण वेड्यावाकड्या चुरडलेल्या नळीपासूनच पुढचा नमुना अधिक शिकतो. घडी पाडण्याचा खर्च तर क्वचितच कोणी सांगतो; पण जी नळी साधा पत्रा वाकवून व जोडून होत नाही आणि साचा मागते, ती स्वस्त वाहनाच्या कारखान्यात शिरणार नाही.

या कामास मोठ्या प्रयोगशाळेचीच आवश्यकता आहे, असेही नाही. विमा संस्थांच्या कसोटीतील ताशी १५ किलोमीटरचा वेग केवळ ८८ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेल्या वजनास प्राप्त होतो, आणि दोन मीटरांवरून सोडलेल्यास ताशी २२ किलोमीटरहून अधिक. दोन उभ्या लोखंडी कैच्या, त्यांतून सरकणारे शंभर किलोग्रॅमचे वजन, खाली बल मोजणारी बैठक आणि सेकंदाला काही हजार वेळा नोंद घेणारे साधन, एवढी सामग्री तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत उभी करता येते. घडी पाडलेली एक नळी व तितक्याच वजनाची एक साधी नळी तेथे एकापाठोपाठ चुरडून दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवता येतील.